नोन्नाचा मासा

माझी बायको नोन्ना जाऊन चाळीस दिवस झाले. तिच्या चाळिसाव्याची प्रार्थना आटोपली आणि मठाच्या दारात गरिबांना मसूर वाढायला सुरुवात झाली. वाडगे शेजारच्या हात्रेच्या भट्टीतले होते, कोरे करकरीत. मी एक उचलला आणि तिथेच थांबलो. त्यावर नोन्नाच्या हातचा मासा होता.

असवानला आमच्या कुंभारगल्लीत चाकावर पुरुष, रंगाला बायका. नोन्ना डावखुरी. बाकीच्यांच्या माशांची तोंडं डावीकडे, तिच्या एकटीच्या उजवीकडे. म्हणजे ती माझ्यामागे हात्रेकडे रंगवत होती? शेवटचे दोन महिने ती रंगवताना मला जवळ बसू देत नसे. "तुमच्या सावलीनं माझा हात चुकतो," म्हणायची.

वाडगा घेऊन मी थेट हात्रेच्या अंगणात गेलो.

"नोन्ना तुझ्याकडे कधीपासून रंगवत होती?"

"पाहामदादा, आज तिचं चाळिसावं. निदान आज तरी तोंड सांभाळा. बसा, खजूर खा."

"आधी हा मासा कुणाचा ते सांग."

"नदीचा," तो म्हणाला.

मी हसलो नाही. त्याची सून त्सिबला कोपऱ्यात रंगवत बसली होती. ती उठून आत जायला लागली.

"थांब पोरी," मी म्हटलं. "माझ्यासमोर एक मासा काढ."

तिने सासऱ्याकडे पाहिलं. मग कच्चा वाडगा मांडीवर उपडा घेतला आणि उजव्या हाताने मासा काढला, पोट वर, तोंड डावीकडे. तपकिरी रंगाचा एक थेंब काठाकडे ओघळला. तिने वाडगा सुलटा केला. माशाचं तोंड उजवीकडे झालं, आणि थेंब वर चढल्यासारखा दिसू लागला.

"काकूंनी शिकवलं. माझा हात उजवा, म्हणून उपडं धरायला सांगितलं."

"मला का नाही बोललीस?"

"त्यांनी शपथ घातली होती. त्यांची बोटं वळेनाशी झाली होती, म्हणून..."

हात्रे खाकरला. तिने वाडगा खाली ठेवला.

घरी आलो. नोन्नाच्या हातच्या शेवटच्या भांड्यांतला एक वाडगा मी विकला नव्हता. चाळीस दिवस त्यातूनच पाणी पीत होतो. तो दारात, उजेडात धरला. शेपटीजवळ रंगाचा थेंब होता. वर, काठाकडे चढलेला. म्हणजे हाही उपडा धरूनच रंगवलेला.

तिच्या हातचा शेवटचा मासा कुठला, हे आता त्सिबलालाच विचारायला हवं. ती खरं सांगेल की माझ्याकडे बघून मला बरं वाटेल ते सांगेल, कोण जाणे.