नव्या आवृत्तीतला चंद्र

शनिवारी सकाळी हिंमतरावांच्या कॉम्प्युटरवरचं पत्रिकेचं पॅकेज उघडलंच नाही, तेव्हा त्यांच्या मुलीला, दीपमालाला, मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बापाच्या धंद्याचं नुकसान पाहून लेकीने खूश व्हावं हे वाईटच. पण त्याच पॅकेजने तिच्या आणि जयसिंगच्या पत्रिकेला छत्तीसपैकी सोळा गुण दिले होते. अठराच्या खाली हिंमतराव कुणालाच पास करत नसत, पोटच्या पोरीला तर नाहीच नाही. जयसिंग अकोल्याचा, तिच्याच कंपनीतला, स्वभावाने गरीब, स्वयंपाकही बरा करणारा. पण दोन गुणांनी नापास.

बिबवेवाडीत सोयरीक जमायची म्हणजे आधी हिंमतरावांच्या प्रिंटरमधून कागद निघायला हवा, अशी पद्धतच पडली होती. पॅकेज त्यांनी कधीकाळी सीडीवरून घातलेलं; त्यानंतर त्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. आता विंडोज आपलं आपण अपडेट झालं आणि पॅकेजने मान टाकली.

"अहो, पोरगी इंजिनियर आहे ना घरात? तिला सांगा की," दुर्गाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या.

"नवी आवृत्ती टाकावी लागेल, बाबा."

"टाक. पण आगाऊपणा नको."

नवी आवृत्ती आली आणि आल्या आल्या सगळ्यांशी भांडत सुटली. जुनी काढल्याशिवाय ती बसेना. मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम उघडला की ही बंद पडे, ही उघडली की तो. दीपमालाने टायपिंगचाही नवा प्रोग्रॅम आणून दोघांत समेट घडवला, तोवर अँटिव्हायरसने राहूची फाईल व्हायरस समजून अडकवून ठेवली.

"बाबा, राहूला पकडलंय."

"कुणीतरी पकडायलाच हवं होतं," हिंमतराव म्हणाले. "पण सोड आता. दुपारी गिऱ्हाईक आहे."

राहू सुटला. पडद्यावर सूचना झळकली: मागील आवृत्तीतील चंद्राच्या गणितातली चूक दुरुस्त केली आहे.

"चंद्र कधीपासून चुकायला लागला?" हिंमतराव गुरगुरले आणि चष्मा पुसायला लागले.

दीपमालाने माउस पुढे ओढला. गुणमेलन सगळं चंद्रावर. चंद्र सुधारला तर दोन गुण काय, चार वाढतील! वडिलांचा चष्मा नाकावर चढायच्या आत तिने आपली आणि जयसिंगची पत्रिका लावली.

आठ.

तिला रडूच कोसळलं. होते तेही निम्मे झाले, आणि तेही स्वतःच्या हातांनी.

"काय गं झालं?" दुर्गाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी पडद्यावरचा आकडा पाहिला, लेकीचं तोंड पाहिलं आणि नवऱ्याकडे वळल्या. "अहो, आपली लावा की जरा यात."

"आपली कशाला? आपले बत्तीस आहेत." हे बत्तीस हिंमतराव प्रत्येक गिऱ्हाइकाला चहाबरोबर ऐकवत.

"ते जुन्या चंद्राचे. नव्याचे बघू."

नव्याचे सात निघाले.

हिंमतरावांनी जन्मवेळा तपासल्या, तारखा तपासल्या, की-बोर्ड उलटा करून झटकला. सातच.

"तरीच," दुर्गाबाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "म्हणजे पोरीचं आपल्यापेक्षा एका गुणाने बरंच आहे."

"पॅकेजच भिकार आहे हे. जुनं टाक परत."

"जुन्याची प्रत ठेवलीय," दीपमाला नाक पुसत म्हणाली. "पण दोन्ही एकत्र राहत नाहीत, बाबा. एकच काय ते ठरवा."

"हो, ठरवाच," दुर्गाबाई म्हणाल्या. "नवं ठेवलंत, तर येईल त्याला आपले सात मी स्वतः सांगणार. जुनं टाकलंत, तर चुकीचं आहे हे ठाऊक असून पोरीला नापास करणार. आणि सातांत संसार वाईट झाला का हो आपला?"

हिंमतरावांनी चष्मा काढून पुन्हा पुसला. बायकोकडे बघायची त्यांची छाती होईना.

"वाईट नाही झाला," ते म्हणाले. आणि हे खरं होतं, म्हणूनच त्यांचा आवाज इतका बारीक निघाला.

मग घसा खाकरून ते दीपमालाला म्हणाले, "उद्या जेवायला बोलाव त्या जयसिंगला. फक्त आठ गुण आहेत म्हणून सांगू नकोस. घाबरेल बिचारा."

"मला तरी कुठे कुणी सांगितलं होतं?" दुर्गाबाई म्हणाल्या.