धाकट्या कंपनीचा कान

घरात कुणालाही काही विकत घ्यायचं झालं की आधी मामाला विचारायचं, हा त्या घरातला शिरस्ता होता. फोन असो, प्रिंटर असो, नाहीतर कपडे धुवायचं यंत्र असो. रविवारी दुपारी जेवणं उरकली की विषय टेबलावर यायचा, मामा चष्मा पुसायचा आणि निकाल द्यायचा. म्हणून सगळे त्याला हायकोर्ट म्हणत. तो वरवर चिडायचा, पण हे नाव त्याला मनापासून आवडायचं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

अधिकार म्हणाल तर तोही थोडाफार होताच. मामाचा धंदा भाषांतराचा. नव्या यंत्राच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका असते आणि जी आपण न उघडता ड्रॉवरमध्ये टाकून देतो, ती कुणीतरी बसून आपल्या भाषेत आणलेली असते. ते कुणीतरी म्हणजे मामा. बारीक अक्षरांतल्या अटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेला त्या सबंध गावातला तो बहुधा एकटाच माणूस असेल. इतकी वर्षं कंपन्यांचं मीठ खाल्लं, पण एकाही कंपनीबद्दल त्याचं मत बरं नव्हतं. प्रिंटर स्वस्तात गळ्यात मारतात आणि शाईत कापून काढतात, असं तो म्हणे. फोन आपोआप म्हातारा होत नाही, त्याला वेळेवर म्हातारा करणारी माणसं पगारावर ठेवलेली असतात, असंही म्हणे. ऐकणारे हसायचे आणि तो सांगेल तेच घ्यायचे.

त्याचा खरा दातओठ खाण्याचा विषय मात्र एकच होता. ऐकू न येणाऱ्यांसाठी यंत्रं बनवणारी एक मोठी कंपनी होती. तिला तो थोरली म्हणायचा. तिच्या पुस्तिका भाषांतरासाठी त्याच्याकडेच येत, त्यामुळे तिची सगळी अंडीपिल्ली त्याला ठाऊक होती. "थोरली वस्तू विकत नाही," तो म्हणायचा, "ती माणूस बांधून घेते. आणि जी कुणी स्पर्धेत उभी राहील तिला गिळून टाकते." तोच धंदा करणारी दुसरी एक लहान कंपनी होती, ती धाकटी. तिच्याबद्दल बोलताना मामाचा आवाज मऊ व्हायचा. तिथे प्रश्न विचारला तर माणूस उत्तर द्यायचा, तेही स्वतःच्या नावाने. तिचं यंत्र उघडता यायचं, दुरुस्त करता यायचं.

आणि मग ताईच्या मुलीला मेंदूज्वर झाला.

ताई म्हणजे मामाची मोठी बहीण. तिची ही एकुलती एक लेक एका जागी बसायची नाही, म्हणून लहानपणापासून तिचं नाव भिंगरी पडलं होतं. कॉलेज नुकतंच संपलं होतं तिचं. ज्वर उतरला, जीव वाचला, पण दोन्ही कान गेले. डॉक्टर म्हणाले, कवटीच्या आत एक यंत्र बसवू, कानामागे बाहेरून दुसरं लावायचं, दोन्ही मिळून ऐकू येईल. मात्र आतलं यंत्र ज्या कंपनीचं, बाहेरचंही त्याच कंपनीचं लागतं. आतलं जन्मभरासाठी असतं. बाहेरचं झिजतं, पडतं, घामाने खराब होतं, ते अधूनमधून बदलावं लागतं. तेव्हा थोरलीचं बसवायचं की धाकटीचं, ते घरच्यांनी ठरवावं.

डॉक्टरांचा कल थोरलीकडे होता. ताईचे यजमान, म्हणजे मामाचे भावोजी, खिडक्यांना काचा बसवायचं काम करत. अबोल माणूस. ते म्हणाले, "मोठ्या कंपनीचं बरं, ती कुठे पळून जाणार नाही." पण शिरस्ता तो शिरस्ता. विषय टेबलावर आला, मामाने चष्मा पुसला आणि धाकटीच्या बाजूने निकाल दिला. भिंगरीने कागदावर लिहून विचारलं, "नक्की ना मामा?" त्याने खाली लिहिलं, "डोळे मिटून घे."

आतलं यंत्र कसंबसं बसलं. ज्वरामुळे कानाच्या आतल्या पोकळीत हाड वाढलं होतं. पुन्हा हा कान उघडता येणार नाही आणि दुसऱ्यात तर शिरायला वाटच नाही, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगून टाकलं. पण ऐकू आलं. पहिल्यांदा सगळं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं, मग हळूहळू माणसांचं. भिंगरीला एका पाळणाघरात नोकरी लागली. मामा भेटेल त्याला सांगत सुटला, बघा, याला म्हणतात कंपनी.

काही वर्षं अशी सुखात गेली. मग एका दुपारी, भाषांतराची कामं देणाऱ्या एजन्सीकडून मामाला एक काम आलं. सोबत नेहमीपेक्षा कडक ताकीद होती, की जाहीर होईपर्यंत यातलं अवाक्षरही बाहेर जाता कामा नये. मामाने सही केली, मजकूर उघडला आणि वाचला. धाकटीच्या गिऱ्हाइकांना पाठवायचं ते निवेदन होतं. थोरलीने धाकटीला विकत घेतलं होतं.

क्षणभर त्याला बरंच वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. सांगत होतो ना, असं तो रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाला. ज्याचं मत खरं ठरतं त्याला आधी आनंदच होतो, मग ते कुणाच्या मुळावर का येईना. पुढचा परिच्छेद मात्र त्याला दोनदा वाचावा लागला. धाकटीची यंत्रं यापुढे बनणार नव्हती. दुरुस्ती बंद होणार होती. ज्याला बाहेरचा जादा संच हवा असेल त्याने महिनाअखेरपर्यंत मागवायचा, त्यानंतर मिळायचा नाही. हे सगळं अर्थातच असं लिहिलेलं नव्हतं. हारतुऱ्यांच्या ढिगाऱ्याखाली ते पुरलेलं होतं, आणि उकरून काढण्यात मामाचा हात धरणारा कुणी नव्हता.

त्याने ते सरळ भाषेत उतरवून पाठवलं. एजन्सीच्या तपासनीस बाईंनी परत धाडलं. त्यांचा शेरा होता: "सूर फार रुक्ष झाला आहे. मूळ मजकुरात आनंद आहे, तो आणावा."

इथे मामाचं चुकलं, आणि ते भीतीपोटी चुकलं असतं तर एक वेळ माफ करता आलं असतं. तो कामात रंगला. आनंद आणा म्हणता काय, आणून दाखवतो. दुपारभर बसून त्याने वाक्यं घासली, पुसली, लखलखीत केली. "आपल्या ऐकण्याच्या प्रवासात आता एक मोठं कुटुंब आपल्या सोबतीला येत आहे." "आपला सध्याचा संच आपण नेहमीप्रमाणेच वापरू शकाल." "अधिक निश्चिंततेसाठी, इच्छुकांना महिनाअखेरपर्यंत अतिरिक्त संच मागवण्याची सोयही आम्ही खुली ठेवली आहे." एकही शब्द खोटा नव्हता. धोक्याची सूचना सोयीसारखी दिसत होती, इतकंच. बाईंनी उलट टपाली शाबासकी कळवली आणि मामाला ती गोड लागली.

मन खात होतं, नाही असं नाही. सही गेली खड्ड्यात, पोरीला सांगून टाकू, असं ठरवून तो पाळणाघरात गेला. मुलं ओळीने निजली होती. भिंगरी त्यांच्याकडे पाठ करून छोटे छोटे सदरे घडी घालत होती. मागे कुणीतरी कुरकुरलं, उंदराएवढा आवाज. ती न वळताच म्हणाली, "आले हं, टकलूशेठ." मग मामाकडे बघून हसली. "बघितलंस? पाठमोरी असले तरी कोण रडतंय ते कळतं मला. इथल्या बाकीच्या ताईंना सुद्धा नाही कळत."

आता अशा वेळी काय बोलणार? मामा म्हणाला, सहज आलो होतो. निवेदन तिला येणारच आहे, महिनाअखेर लांब आहे, पोरगी हुशार आहे, अशी स्वतःची समजूत घालत तो घरी गेला.

निवेदन सगळीकडे गेलं. त्या रविवारी मामा जीव मुठीत धरून ताईकडे जेवायला गेला. त्याचा निकाल पोरीच्या कानावर बेतला होता. आज ती बोलणार, आणि तिने बोलावंच. पण भिंगरीने विषयच काढला नाही. उलट त्याला आग्रह करून वाढलं, टकलूशेठच्या नकला करून सगळ्यांना हसवलं. पुढच्या रविवारीही तेच. मामाला वाटलं, हिला सगळं कळलंय, संच मागवून ही मोकळी झालीय आणि मला लाज वाटू नये म्हणून गप्प आहे. केवढं मन पोरीचं! त्याचे डोळे भरून आले. ताईने विचारलं, "काय रे, तिखट लागलं का?" तो म्हणाला, "हो."

महिना सरला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी पाळणाघरात चित्रं रंगवायचा तास चालू असताना एका मुलीने प्रेमाने गळ्याला मिठी मारली, आणि भिंगरीच्या कानामागचं यंत्र निसटून रंगाच्या पाण्याच्या भांड्यात पडलं.

रविवारी ती आली ती कपाळाला आठ्या घालून. यंत्र पुसून, वाळवून कानामागे लावलेलं होतं, पण ऐकू तुटक तुटक येत होतं. जेवणं होईपर्यंत ती थांबली. मग शिरस्त्याप्रमाणे तिने निवेदन उघडून फोन टेबलावर मामापुढे सरकवला.

"कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात गेले होते. तिथला माणूस म्हणतो, आता दुरुस्ती नाही आणि नवीनही नाही. म्हणतो, तुम्हाला कळवलं होतं. मी हे चारचारदा वाचलं, मामा. यात असं कुठे लिहिलंय ते तू दाखव."

मामाने फोनकडे बघितलं. त्याचीच वाक्यं होती.

"तू जादा संच मागवला नाहीस?" त्याने विचारलं.

"काय म्हणालास?"

त्याने पुन्हा, जवळ वाकून विचारलं.

"कशाला मागवू? माझा छान चालला होता. सोय आहे असं लिहिलंय ना! म्हटलं, ज्याचा बिघडलाय त्याला मिळू दे, उगाच कशाला अडवून ठेवा."

ताई म्हणाली, "अरे, मोठ्याने वाच की जरा. आम्हालाही कळू दे."

मामाने वाचलं. मोठं कुटुंब, प्रवास, निश्चिंतता. स्वतःच्या तोंडून आलेला एकेक शब्द त्याला नकोसा झाला. तो थांबला तेव्हा भावोजी, जे सहसा बोलत नसत, ते बोलले.

"इतकं गोड लिहिणाऱ्याला एकदा भेटायला पाहिजे."

"भेटताय की दर रविवारी," मामा म्हणाला. "मीच लिहिलंय."

भावोजींनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. ताईला आधी समजलंच नाही, आणि समजलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हणजे तुला आमच्याआधी माहीत होतं?"

"मला वाटलं, तिला कळलंय. मला वाटलं, मला वाईट वाटू नये म्हणून ती बोलत नाहीये."

भिंगरीला अर्धंच ऐकू आलं असावं, पण तेवढं पुरलं. "मी काय देव आहे का, मामा?" ती म्हणाली. "मला कळलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं."

ती चिडली असती, रडली असती तर मामाला सोपं गेलं असतं. तिने कानामागून यंत्र काढलं, रुमालाने पुसलं आणि लहान डबीत ठेवून डबी मिटली.

"केंद्रवाला म्हणाला, फार तर थोडे महिने चालेल, जपून वापरा. आता पाळणाघरापुरतंच लावीन मी. घरी नको."

मामा बोलायला लागला. सहीचं सांगितलं, बाईंच्या शेऱ्याचं सांगितलं, थोरलीला शिव्या घातल्या, पाळणाघरात येऊन गेल्याचं सांगितलं. थोरलीबद्दल तो म्हणत होता ते सगळं खरंच होतं. आधीही खरं होतं. ताई मान खाली घालून ऐकत होती, आणि जिच्यासाठी हे चाललं होतं ती नुसती त्याच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत होती.

थोड्या वेळाने भिंगरी उठली. फळीवरून एक कोरा कागद आणि पेन्सिल आणून तिने मामापुढे ठेवली.

"लिही," ती म्हणाली. स्वतःचा आवाज कळत नसल्यामुळे ती जरा मोठ्यानेच बोलली. "पण या वेळी सरळ लिही."

मामाने पेन्सिल उचलली. पहिलं जे वाक्य सुचलं ते फार सुंदर होतं. त्याने ते लिहिलं नाही. तो कोऱ्या कागदाकडे बघत बसला, आणि भिंगरी समोर बसून त्याच्या हाताकडे बघत राहिली.