डाव्या हाताची मांडणी

"कोयता कुठंय?" अप्पांनी मागच्या दारातून विचारलं.

"कुंपणाच्या खांबाला." त्यांची थोरली लेक वाफ्याच्या कडेला फळी ठोकत होती. तिने मान वर केली नाही.

"कुणाला विचारून हलवलास?"

"कुणालाच नाही. विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?"

अप्पा काठीवर रेलून उभे राहिले. अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा उजवा हात लुळा पडला होता आणि डावा सदा काठीत अडकलेला. साधं खुरपं आणायचं तरी ते बगलेत दाबून आणायचे. असंच आणताना परवा अवजारांच्या पत्र्याच्या खोलीपाशी पडले. धाकट्या भावाने फोनवर हात वर केले, म्हणून थोरलीला रजा टाकून यावं लागलं. मायेचा उमाळा वगैरे काही नव्हता. नवऱ्याचा मार सोसवेना तेव्हा ती एकदा याच दारात येऊन उभी राहिली होती, आणि अप्पांनी तिला पाणीही न विचारता आल्या पावली परत नेऊन सोडलं होतं. पुढे ती स्वतःच्या हिमतीवर त्या घरातून बाहेर पडली, एका गोदामात लागली, मालाच्या मांडणीची मुकादम झाली. बापाशी बोलणं गरजेपुरतं उरलं.

गोदामातलं शहाणपण तिने अंगणात वापरलं. जे जिथे लागतं ते तिथेच ठेवायचं. जड खाली, रोजचं कमरेच्या उंचीवर. वाफ्याशी खुरपं आणि झारी, कुंपणाशी कोयता आणि छाटणीची कात्री, पेरूखाली दाताळं आणि घमेलं. प्रत्येक ठिकाणी टांगायला फळी आणि बसायला स्टूल. काठी घेऊन निघायचं, बसायचं, हात लांब केला की अवजार हातात.

"हे काय गोदाम आहे?" अप्पा म्हणाले.

"पुन्हा पडलात तर उचलायला कुणी नाही. मी काही जन्मभर राहायला आले नाही इथे."

"राहा म्हटलंय कुणी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी खिळ्यांच्या किरकिराटाने तिला जाग आली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, तर अप्पा स्टुलावर बसून तिने ठोकलेली फळी उचकटत होते. हातोडीची नखी खिळ्याखाली घालायची, सगळं अंग दांड्यावर टाकायचं, की खिळा कण्हत बाहेर यायचा. मध्येच काठी घरंगळली. ती ओढून घ्यायला त्यांना पायाने बराच वेळ खटपट करावी लागली. थोरली खिडकीतून हलली नाही. करा म्हणावं काय करायचंय ते. दुपारपर्यंत सगळ्या फळ्यांचा ढीग झाला. आजारानंतर एवढं काम त्यांनी कधी केलं नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं आणि तिचं डोकं आणखीच सणकलं.

"झालं समाधान?" तिने दारातून विचारलं.

"माझी अवजारं माझ्या जागेवर राहतील."

"मला नेऊन सोडलंत तेव्हाही जागेचंच बोलला होतात. तुझी जागा तिकडे, म्हणालात."

अप्पांनी हातातला खिळा उलटसुलट करून पाहिला. ती आत गेली आणि कपडे बॅगेत कोंबू लागली.

बाहेर पडायची वाट अंगणातूनच होती. ती बॅग घेऊन आली तेव्हा अप्पा पत्र्याच्या खोलीच्या दाराशेजारी, बाहेरच्या लाकडी चौकटीवर एक फळी खांद्याने दाबून उभे होते. खिळा फळीच्या भेगेत रुतवला, हातोडी उचलली. घाव बसायच्या आत खिळा गवतात पडला. वाकून शोधला. पुन्हा रुतवला, पुन्हा पडला. हाक त्यांनी मारली नाही. मारली असती तर ती कदाचित निघून गेली असती.

तिने बॅग खाली ठेवली आणि खिळा फळीवर धरला.

"हात काढ. लागेल."

"मारा तुम्ही."

पहिला घाव नीट बसला. दुसरा तिच्या अंगठ्यावर. तिने दात आवळले. अप्पांची हातोडी वरच्या वर थांबली.

"दुसऱ्या हाताने धर," ते तोंड फिरवून म्हणाले.

तिने धरला. संध्याकाळपर्यंत खुरपं, कात्री, कोयता, दाताळं, सगळं एका रांगेत तिथेच टांगलं गेलं.

"इथून वाफ्यापर्यंत दर वेळी फेरी पडेल," ती म्हणाली.

"पडू दे."

"फुकट वेळ जाईल."

"वेळेचं काय लोणचं घालू? तू सगळं हाताशी आणून ठेवलंस. मग मी उठायचं कशासाठी?"

बॅगेतली कापडी पिशवी काढून तिने त्यांच्यापुढे धरली. "निदान खुरपं यात घाला. गळ्यात अडकवा. बगलेत दाबू नका."

"गळ्यात अडकवायला मी बैल आहे?"

"बैल ऐकतो तरी."

अप्पांनी पिशवीला हात लावला नाही. तिने ती शेवटच्या खिळ्याला लटकवली, बॅग उचलली आणि चालू लागली. "येते" म्हटलं नाही. "पोचलीस की कळव" असं तेही म्हणाले नाहीत.

फाटक लावून घेताना अंगठा ठसठसत होता. कुंपणापलीकडे काठीचा आवाज सुरू झाला. वाफ्याकडे गेला, थांबला, परत खोलीकडे आला, पुन्हा वाफ्याकडे निघाला. रस्ता वळेपर्यंत तो तिच्या कानावर येत होता.