बोरन्हाणाचं चिपटं

मित्रांनो, मी एक जुनं पितळी चिपटं आहे, धान्य मोजायचं माप. साताऱ्याच्या तांबटानं मला ठोकून घडवलं. माणदेशातल्या एका घरात मी वर्षानुवर्षं बाजरी मोजली. पुढे किलो आले आणि माझं काम सुटलं. मग वर्षातून एकदाच, संक्रांतीला, मला फडताळातून काढत. बोरं, चुरमुरे, उसाची कांडकी भरून गल्लीतल्या लेकरांच्या डोक्यावर मला रितं करत. सांडलेला खाऊ वेचायला पोरांची झुंबड उडे. त्या खिदळण्याची मी वर्षभर वाट पाहत असे.

बाहत्तरच्या दुष्काळातली संक्रांत आली. घरच्या सासूबाई राहीबाईंनी ओढ्याकाठची बोरं वेचून आणली. सांगलीत बी. ए. झालेली त्यांची सून विजयमाला म्हणाली, "आत्या, धुऊन घेऊया. तिथं लोक परसाकडला बसतात."

"आगं, टँकरचं दोन घागरी पानी. प्यावं का बोरास्नी आंगुळ घालावी? तुज्या कालेजात आड हुता व्हय?"

बायका हसल्या. विजयमालेची लेक शालू तेव्हा दोन वर्षांची; तिच्या डोक्यावरून ती बोरं माझ्यातूनच सांडली.

पंधरा दिवसांत गल्लीतली अकरा मुलं जुलाबांनी झिजली. शालूला मान उचलवेना. डॉक्टर घरोघर विचारत आले. "तपासणीत पोटातले परजीवी जंतू निघालेत. सगळ्यांनी मिळून काय खाल्लं होतं? बोरं? धुतली नव्हती?"

डॉक्टरांनी विजयमालेकडे पाहिलं. राहीबाईच पुढे आल्या. "म्याच नको म्हनलं, डाक्तर. तिला बोल लावू नगा."

औषधानं मुलं वाचली, शालूही वाचली. पण गल्लीतलं बोरन्हाण बंद झालं. फडताळात माझ्यावर काळं चढलं. संक्रांतीला दार करकरलं, की वाटे, आज काढतील.

यंदा शालू पाच वर्षांची झाली. पाचानंतर बोरन्हाण करत नाहीत. संक्रांतीच्या सकाळी विजयमालेनं मला चिंचेनं लख्ख घासलं. उकळलेल्या पाण्यानं बोरं धुतली, पुसली आणि एकेक शालूच्या हातात दिलं.

"आगं, एक तरी टाक की डोक्यावरनं," राहीबाई म्हणाल्या.

"नको आत्या. खाली माती आहे."

राहीबाईंनी धुवट लुगड्याचा पदर शालूपुढे पसरला. "आता कुटं हाय माती?"

विजयमाला थबकली. मग तिनं मला जरासं कलतं केलं. एकच बोर शालूच्या केसांवरून घरंगळत पदरात पडलं. शालू खुदकन हसली.

मित्रांनो, फळ धुऊन मगच खा. आणि ज्या घरी धुण्यापुरतंही पाणी नाही, तिथं ते कोण पोचवणार, हे मोठ्यांना विचारा. मी आता पुन्हा फडताळात आहे. पलीकडच्या घरात एक तान्हं रडतंय. माझे कान तिकडेच आहेत.