पलीकडच्या काठावरची दूधपोळी

मी एक वय झालेला हंस आहे. मित्रांनो, पार्सिपनी या अमेरिकन गावात एका अपार्टमेंट कॉम्प्लेक्सच्या मागे लहानसं तळं आहे, तिथे मी राहतो. एप्रिल २००६ मधल्या एका सकाळी मला कळलं, की माझी जोडीदारीण आता परत येणार नाही. मी घरट्यात अंड्यांवर बसलो होतो. कॉम्प्लेक्सची देखभाल करणारा माणूस पार्किंगच्या कुंपणापाशी वाकला. त्याने काळी पिशवी उघडून तिच्यात काहीतरी पांढरं भरलं. एक पंख काही केल्या आत मावेना. तो पंख मी ओळखला. त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं आणि टोपी काढली. "सॉरी, बडी," तो म्हणाला.

आदल्या संध्याकाळपासून मी समजत होतो, की ती चरायला गेली आहे. तिला यायला उशीर झाला म्हणून मला थोडा रागही आला होता. हे कसं झालं, ते मी पहिल्यापासून सांगतो.

मी अंड्यातून बाहेर आलो तेव्हा पांढरा नव्हतो, राखाडी होतो. पहिले काही दिवस आईच्या पाठीवर, तिच्या पंखांच्या मध्ये बसून मी पाणी पाहिलं. थंडी सरत आली तेव्हा बापाने चोच मारून मला तळ्यावरून हाकललं. तेव्हा वाईट वाटलं. पण आमच्यात तशीच रीत आहे. पोरांना हाकललं नाही, तर ती स्वतःचं पाणी शोधत नाहीत.

पुढे एका थंडीत मला ती भेटली. २००२ साली आम्ही दोघं या तळ्यावर आलो. घरटं आम्ही मिळून बांधायचो. मी लव्हाळी आणि काड्या उपटून तिच्याजवळ टाकायचो आणि ती त्या रचायची. मी एखादी काडी स्वतः लावली, तर ती काढून दुसरीकडे लावायची. ती अंडी घालायची पाच-सहा. मग पाच आठवडे त्यांवर बसायची. त्या दिवसांत ती फार थोडं खायची. माझी कामं दोनच. तळ्यावर पहारा करायचा आणि संध्याकाळी ती चरायला उठली, की अंड्यांवर बसायचं. कॅनडाची बदकं घरट्याजवळ आली, तर मी पंख फुगवून त्यांच्या अंगावर जायचो. लोक बाल्कनीतून फोटो काढायचे. मला ते आवडायचं.

पिल्लं झाली, की आधी तिची मोठी पिसं गळायची. तिची नवी आली, की मग माझी. दोघांची एकदम गळत नाहीत, म्हणजे एकाला तरी कायम उडता येतं. अशी आमची व्यवस्था होती आणि ती चार वर्षं नीट चालली.

२००६ च्या मार्चमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या सिद्धेशचे आईवडील सहा महिन्यांसाठी राहायला आले. वसुधाकाकू आणि अरुणकाका. काकू पहिल्यांदा तळ्यावर आल्या आणि मला पाहून थबकल्याच.

"अहो, हा खरा हंस आहे!"

"खरा म्हणजे? मग काय प्लॅस्टिकचा असणार?"

"दुधातलं पाणी वेगळं करतो म्हणतात."

"मग आपल्या दूधवाल्याच्या दारात बांधायला हवा होता," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काकूंनी खरोखरच स्टीलच्या वाडग्यात दूध आणि पाणी मिसळून आणलं. मी चोच घातली आणि वाडगा उलटला. काका पोट धरून हसले. "नापास! एवढ्या लांब येऊन पाहिलं काय, तर नापास हंस!"

"भूक लागली असेल हो त्याला," काकू म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी दुधात पोळी कुस्करून आणली. मित्रांनो, मी जन्मभर पाण्याखालचं गवत खाल्लं होतं. ती दूधपोळी मऊ होती आणि तिला गोडसर चव होती. मी वाडगा स्वच्छ केला.

त्यांची सून हिमानी ऑफिसमधून येताना तिथे थांबली. "आई, तो बोर्ड बघा ना. पक्ष्यांना फीड करू नका लिहिलंय."

"अगं, ते ब्रेडचं असेल. ब्रेड वाईटच. मी घरची पोळी देतेय."

"आई, तसं नसतं…"

"तू थकून आलीस ना? जा, चहा ठेवलाय."

मग रोज संध्याकाळी काकू पलीकडच्या काठावर यायच्या. "ये रे राजा," म्हणायच्या आणि वाडगा पुढे करायच्या. तीच वेळ माझ्या जोडीदारिणीच्या चरायला जाण्याची होती. मी आधी पलीकडे जायचो, पोट भरायचो आणि मग घरट्याकडे यायचो. तोवर ती बसून राहायची. पहिल्या दिवशी तिने एकदा हाक मारली. आमच्या जातीला गोड गळा नाही, आमची हाक म्हणजे घुरघुर. मी लगेच गेलो. पुढे ती रोज हाक मारू लागली आणि मी रोज थोडा उशिरा जाऊ लागलो. ती रोडावली होती. मला ते दिसत होतं. आणखी थोडे दिवस, मग पिल्लं होतील आणि सगळं ठीक होईल, असं मी स्वतःला सांगत होतो.

अंड्यांतून पिल्लं निघायला पाच-सहा दिवस राहिले होते. त्या संध्याकाळी काकूंनी पोळीत तूप आणि साखर घातली होती. मी खात असताना तिची हाक आली. मी मान वर केली नाही. दुसरी हाक मोठी आली. अंड्यांवर बसायच्या माझ्या पाळीसाठीच बोलावते आहे, असं मला वाटलं. काकूसुद्धा म्हणाल्या, "बायको बोलावतेय वाटतं. जा, नाहीतर तुझी धडगत नाही." तिसरी हाक अर्धवट आली. वाडग्यात दोन घास होते. ते खाऊन मी निघालो.

घरटं रिकामं होतं. अंडी जशीच्या तशी, गरम होती. ती वाट पाहून कंटाळली आणि गेली, असं समजून मी बसलो. खरं तर झुडपातून कोयोट, म्हणजे इकडचा कोल्ह्यासारखा शिकारी प्राणी, आला होता. अंड्यांपासून त्याला दूर न्यायला ती त्याच्या अंगावर गेली आणि भांडत भांडत पार्किंगच्या कुंपणापर्यंत पोचली. हे मला सकाळी चिखलातल्या पंजांच्या ठशांवरून आणि जमिनीवरच्या पिसांवरून कळलं. तळ्यापासून कुंपणापर्यंत पिसं पडली होती.

मी घरट्यातून उठलो नाही. पाच दिवस काही खाल्लं नाही. अंड्यांतून एकच पिल्लू निघालं. मी त्याला पाठीवर घेतलं.

त्या पाच दिवसांतच काकू पुन्हा काठावर आल्या होत्या. हातात वाडगा नव्हता. हिमानीने त्यांना काय झालं ते सांगितलं होतं.

"माझ्यामुळे झालं हो," त्या काकांना म्हणाल्या. "मी त्याला इकडे बोलवत राहिले."

"वेडी आहेस का? तो कोयोट काय तू नागपूरहून आणलास?"

"सुनबाई सांगत होती, तरी ऐकलं नाही." मग त्यांनी मला हाक मारली. "ये रे राजा. एकदा ये. आज काही देणार नाही."

मी अंड्यांवर होतो, जाणं शक्य नव्हतं. पण पिल्लू झाल्यावर मी जाऊ शकलो असतो. काकू सप्टेंबरपर्यंत रोज येत होत्या. मी त्यांच्याकडे पाठ करून पोहत राहिलो. निघायच्या दिवशी त्या म्हणाल्या, "तो माझ्यावर रागावलाय."

मित्रांनो, मी त्यांच्यावर रागावलो नव्हतो. त्या काठाकडे वळलो, की मला तिसरी हाक ऐकू येते, एवढंच. काकूंनी प्रेमाने दिलं होतं. अंड्यांवरची पाळी चुकवली ती मी. तुम्ही आमच्या तळ्यावर आलात, तर आम्हाला लांबून बघा. खायला देऊ नका, पोळीसुद्धा नको. आणि तुमच्या घरात रोज कोणी हाक मारत असेल, तर रोजचीच आहे असं म्हणून बसून राहू नका. आधी जाऊन बघा. घास थांबतो.

पिल्लू मोठं झालं. थंडी सरत आली तेव्हा त्याला हाकलायची माझ्यात हिंमत झाली नाही. ते आपणहून उडून गेलं. त्यानंतर मी एकही काडी उपटलेली नाही.

आता २००८ चा एप्रिल आहे. वसुधाकाकू पुन्हा आल्या आहेत. त्या थोड्या वाकल्या आहेत. संध्याकाळी रिकाम्या हाताने पलीकडच्या काठावर उभ्या राहतात आणि हाक मारतात. त्यांच्यावर माझा राग नाही, हे त्यांना कळायला मी एकदा तिथवर पोहत जायला हवं. मी अजून गेलेलो नाही.