श्वास घेणारा दात

"घेतला! श्वास घेतला!"

भांड्यातल्या पाण्यातून बुडबुड्यांची माळ वर येऊ लागली, तसे बान नोंगखाम या थाई खेड्याच्या सभामंडपातल्या शेकडो माणसांचे हात जोडले गेले. भांड्यात मुठीएवढा, तपकिरी, भेगाळलेला एक दात होता. समोर तिकाटण्यावर मोबाईल होता आणि त्यावरून पार बँकॉकपर्यंतची गिऱ्हाइकं बोली लावत होती.

"हा दगड नाही, मायबापहो," गुरू सित्थिकोन डोळे मिटून सांगत होता. "डोंगराच्या पोटात लाखो वर्षं ध्यानस्थ बसलेल्या नागराजाचा जीवाश्म आहे हा. खरा मालक जवळ आला की जागा होतो. याचं तीर्थ घ्या. साखर उतरते, गाठ विरघळते, रुसलेला नवरा घरी येतो. बोला, पाच हजार बाट एक वार!"

मागच्या खांबाला टेकून उभ्या असलेल्या रम्फाईचं डोकं भणभणत होतं. ती तालुक्याच्या गावी दातांच्या दवाखान्यात सतरा वर्षं कवळ्या बनवत होती. चमत्कार बघायला ती आली नव्हती. तिला लहानाचं मोठं करणाऱ्या बुआखाम मावशीने असाच एक दात विकत घेतला होता आणि तीन आठवडे इन्सुलिनला हात लावला नव्हता. पायाच्या अंगठ्यावरची जखम काळी पडत चालली होती. सकाळीच घरी रम्फाईने विषय काढला होता.

"मावशी, पायाला वास येतोय गं."

"विष बाहेर पडतंय ते. गुरूंनी सांगितलंय."

"आणि बाहेर पडता पडता तूच गेलीस तर?"

"तुझ्या तोंडाला काही धरबंद आहे का?" म्हणत मावशीने तीर्थाचा पेला तोंडाला लावला होता.

पण आता ते बुडबुडे बघताना रम्फाई चमकली. असे बुडबुडे ती रोज बघत होती! घरी येऊन तिने मावशीचा दात उलटा केला. तळाशी रंग न लागलेलं बारीक छिद्र होतं, कडेला एक टवका उडालेला होता. शेजारणीकडचा दात मागून आणला, तर तोच टवका, त्याच जागी. लाखो वर्षांपूर्वीचे दोन दात एकाच ठिकाणी, एकाच मापाने फुटले होते!

दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी पुन्हा लिलाव भरला. मावशी लंगडत पहिल्या रांगेत जाऊन बसली. पहिल्या दाताने श्वास घेतला, हात जोडले गेले, आणि रम्फाई पिशवी घेऊन सरळ पुढे गेली.

"कवळीवाल्या बाईंना नागराजाचं काय काम?" गुरू हसला.

"दातांवरच पोट भरते मी, गुरू. गावप्रमुख काका, तुमची कवळी केली तेव्हा घेतलेला तुमच्या जबड्याचा हा ठसा. प्लास्टरचा. बुडवू का?"

"बुडव की!" प्रमुख थोंगदी म्हणाले.

जबडा पाण्यात गेला आणि दातापेक्षा दुप्पट जोराने बुडबुडे काढू लागला.

"अरे, काका नागराजा निघाले!" मागून कुणीतरी ओरडलं. मंडप हसला. काकाही हसले, नव्या कवळीसकट.

"कोरडं प्लास्टर आतून बारीक भोकांचं असतं," रम्फाई म्हणाली. "पाणी आत शिरतं, हवा बाहेर येते. एवढाच श्वास. आता गुरू, तुमचा ओला दात पुन्हा बुडवा बघू."

"तो आता समाधीत गेला."

"आणि दोन दिवस उन्हात वाळवला की समाधी उतरते! माझ्या ठशाचीही उतरते."

"अश्रद्ध नजरेने शक्ती कोमेजते!" गुरूचा आवाज चढला. "हिला बाहेर काढा!"

कुणी हललं नाही. रम्फाईने मावशीचा आणि शेजारणीचा दात शेजारी शेजारी ठेवून दोन्ही टवके मोबाईलसमोर धरले. "एकाच साच्यातून काढलेत. हा टवका साच्यातच होता."

तेवढ्यात मावशी उठली. तिने बाजूच्या पपईच्या कोशिंबिरीच्या गाडीवरची जड मुसळी उचलली आणि समोर ठेवलेल्या आपल्या नागराजाच्या दातावर हाणली. तपकिरी थर फुटून आतून पांढरंफेक प्लास्टर बाहेर पडलं.

"हे प्याले मी?" ती गुरूकडे बघत म्हणाली. "अरे मेल्या, तीन आठवडे हे प्याले?"

गुरू आपल्या मोटारीकडे पळाला. पण रम्फाईने रात्रीच सगळं कानावर घातल्यामुळे प्रमुखांनी मोटार बाजूला लावायच्या निमित्ताने किल्ली मागून घेतली होती आणि पोलिसांनाही फोन गेला होता. त्याच्या सामानात रबरी साचे आणि चहाच्या पाण्याचा डबा सापडला. लाखो वर्षांचा तपकिरी रंग त्या डब्यातून येत होता.

मावशीला त्याच दिवशी इस्पितळात नेलं. पाय वाचला, दोन बोटं गेली. "एक आठवडा आधी आल्या असतात तर एकही गेलं नसतं," डॉक्टर म्हणाले. मावशी भिंतीकडे तोंड करून रडली. रम्फाईलाही आपण आधीच का भांडलो नाही, ही सल लागून राहिली.

भेटायला आलेल्या म्हाताऱ्या शेजारणीने हळूच विचारलं, "रम्फाई, पण एखादा खरा जीवाश्म मिळाला तर गं?"

"तर तो दगड असेल, आजी. खरा, जुना, बघण्यासारखा दगड. जाणकाराला दाखवा, कुठे सापडला ते विचारा, विकणारा चिडला तर उठून या. पण खरा असला तरी त्याने साखर उतरत नाही. साखर इन्सुलिनने उतरते." तिने मावशीची बाही वर केली. "घे गं, सुईची वेळ झाली."

मावशीने दंड पुढे केला.