एक्स-रेच्या गाडीखाली

मला पाहायचं तर तुम्हाला गाडीखाली वाकावं लागेल. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला चिखलानं माखलेली, हातभर लांबीची एक नळी दिसेल. तो मी, शॉकअब्सॉर्बर. गॅरेजात मला नुसतं ‘शॉक’ म्हणतात.

माझा जन्म हैदराबादेतल्या जीडीमेटल्याच्या एका छोट्या कारखान्यातला. माझ्या पोटात तेल आहे आणि तेलामागं दाबून भरलेला वायू. चाक खड्ड्यात आपटलं की स्प्रिंगचे पाटे गाडीला उडवू पाहतात. माझा दांडा तेलात शिरतो, ती उसळी गिळतो आणि तिची ऊब करून सोडून देतो. हे काम मला फार मोठं वाटायचं, संभाजीराव भेटेपर्यंत.

त्याच शहरात, नारायणगुड्यात, खाजाभाईंच्या गॅरेजात मी फळीवर पडून होतो. एका सकाळी रेणुका आली. ती एका संस्थेत एक्स-रे काढते. टीबी वेळेत सापडावा म्हणून चारही चाकांना ताकद असलेली पिकअप घेऊन ती नल्लमल्लाच्या जंगलातल्या वस्त्यांवर जाते. वाटेतल्या हादऱ्यांनी तिचं यंत्र दोनदा बिघडलं होतं. दोन्ही वेळा डोंगर उतरून आलेली माणसं तशीच माघारी गेली.

“आता परत बिघडलं तर संस्थेवाले जंगलातल्या वस्त्यांवर जाणंच बंद करणार आहेत,” ती म्हणाली. “खाजाभाई, जुने शॉक काढा. चांगले कोणते?”

“तीन जोड्यां हैं अम्मा. मेरे कू नक्को पूछो. लगाके देखो, फिर बोलो.”

एक जोडी मऊ, साध्या तेलाची. दुसरी परदेशी, लालभडक, अंगाला वेगळी टाकी जोडलेली. तिसरी आमची, करडी.

रेणुकाबरोबर तिचे वडील होते, संभाजीराव. मूळचे नांदेडकडचे. इथं हैदराबादेत तीस वर्षं बस चालवली, मग शुगरनं दोन्ही डोळे गेले. ते म्हणाले, “यंत्र घरी ठेव. त्याच्या पेटीवर मी बसतो. कुठं काय लागतंय ते मला बरोबर कळंल.”

शहराबाहेर खडकांचा एक माळ आहे. घराएवढे दगड एकमेकांवर असे टेकलेत की कुणी ठेवले असतील म्हणावं. तिथं प्रत्येक जोडी बसवून, त्याच वाटेनं, त्याच वेगानं रेणुका गाडी फिरवायची. संभाजीराव मागं पेटीवर, दोन्ही हातांनी कठडा धरून.

मऊ जोडीवर ते म्हणाले, “हा झोपाळा झाला. दगड एक आणि झोके तीन.”

लाल जोडीवर गाडी मांजरीसारखी चालली. रेणुका खूश झाली.

मग आम्ही. रिकाम्या गाडीत आम्ही फार ताठ होतो. पहिल्याच दगडाला पेटी उडाली, संभाजीराव कळवळले. “ही नको,” रेणुका म्हणाली. खाजाभाईंनी पाना उचलला. मी हरलो होतो.

“थांबा,” संभाजीराव म्हणाले. “रेणू, गाडी रिकामी कधी जाती गं जंगलात?”

ती बोटांवर मोजू लागली. यंत्र, बॅटऱ्या, पाण्याचे कॅन, तंबू, चार माणसं. तेवढ्या वजनाची वाळूची पोती चढवली आणि तिन्ही जोड्या पुन्हा लावून पाहिल्या. मऊ जोडी टणकन तळाला आपटली. लाल जोडी हलक्या गाडीच्या शर्यतीसाठी बांधलेली. ओझ्यानं दबलेल्या पाट्यांची उसळी तिला आवरेना.

आमच्या फेरीत मात्र मागून आवाजच येईना. रेणुका घाबरली. “बाबा, लागलं का?”

“नाही गं. पुन्यांदा ने.”

आणि दुसऱ्या फेरीत तो आंधळा माणूस रस्ता वाचू लागला. “आता डावीकडं वाळू... आता सपाट खडक, उजवीकडं उतरता... हां, इथं भेग हाये.” रेणुकानं गाडी थांबवली, उतरली, खाली वाकली. भेग दोन बोटं रुंद होती.

“चाक जमीन सोडीना झालंय, म्हणून कळतंय,” ते म्हणाले. “हेच ठेव.”

मी थक्क झालो. ती भेग माझ्या अंगावरून गेली होती आणि मला नीट कळली नव्हती. माझ्यातून, पाट्यांतून, पेटीच्या लाकडातून ती त्या म्हाताऱ्या हाडांपर्यंत पोचली आणि तिथं तिला नाव मिळालं.

पुढच्या आठवड्यात आम्ही जंगलात गेलो; संभाजीरावही मागं बसून आले. खालून मला फक्त पाय दिसत होते: भेगाळलेले, अनवाणी, ओळीनं पुढं सरकणारे. वर यंत्र गुणगुणत होतं. संभाजीरावांनी विचारलं, “छातीच्या आत कसं दिसतं गं?”

“पानं झडलेलं झाड उलटं टांगल्यावाणी, बाबा.”

ते पुढं सरकणाऱ्या पावलांकडं कान लावून बसले. मग म्हणाले, “एवढी झाडं चालत आली आज.” त्या दिवशी एकही माणूस चित्र काढल्याशिवाय परतला नाही.

त्याला तीन वर्षं झाली. आता माझ्या तोंडाचं रबर फाटलंय आणि तेल झिरपतंय. परवा संभाजीरावांनी चाकामागं हात घातला, बोट चोळलं आणि म्हणाले, “हा दमला, खाजाभाई.” फळीवर नव्या जोड्या आल्यात. उद्या पुन्हा तोच माळ, तीच पोती.

नव्यांनो, जाता जाता एक सांगतो. उद्या पेटीवर ते बसतील. प्रत्येक फेरीनंतर ते मागल्या चाकाला टेकून उभे राहतात, कमरेवर हात दाबून धरतात आणि रेणुकाची पावलं ऐकू आली की हात सोडतात. हे तिला माहीत नाही. मला माहीत आहे, कारण मी तिथंच असतो. तुमच्यातला जो कुणी माझ्या जागी येईल, त्यानं पहिला दगड जरा हळू घ्यावा.